राखीव सेंटर

चालताना असो की सायकलवर, तो कायम नागराजच्या डाव्या हाताला. उजवीकडे मोकळी वाट असली तरी मागून वळसा घालून डावीकडे येणार. आम्ही त्याला ‘वामांगी’ म्हणून चिडवायचो. लग्नात बायको डावीकडे बसते ना, तसं. तो रागवायचा नाही. “सरी सरी, बरं, वामांगी तर वामांगी,” म्हणायचा आणि पुन्हा आपल्या जागी.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. बंगळूरच्या आमच्या कॉलेजात तांबड्या मातीचं बास्केटबॉलचं मैदान होतं. नागराज आमचा सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा सगळ्यात उंच गडी. आणि हा वामांगी त्याच्या बदलीचा, राखीव. असे राखीव गडी तुम्हीही पाहिले असतील. संघाच्या फोटोत ते असतात, सामन्याच्या गप्पांत नसतात. हा बिचारा बाकावरसुद्धा बुटांच्या नाड्या आवळून बसायचा.

“अण्णा, आज मला उतरवतील काय?” तो मला विचारायचा.

“उतरवतील की,” मी म्हणायचो. खोटं बोलायला माझं काय जात होतं!

आमचे सर जुन्या मराठी घरातले, पलटणीत कवायत शिकवून आलेले. नागराजचं ते शेवटचं वर्ष. पुढे त्याची जागा याला द्यावी का, हा पहिल्यापासून खेळायला तयार आहे का, हे त्यांना ठरवायचं होतं. सरावात ते दोघांना समोरासमोर उभं करत. हा बॉल घेऊन दर वेळी स्वतःच्या डावीकडेच वळायचा आणि नागराज त्याला आरामात अडवायचा.

“लेका, उजवी बाजू देवानं दिलीच नाही काय तुला?” सर ओरडायचे. “अर्धा खेळाडू आहेस तू. अजून तयार नाहीस.”

“स्वल्प थांबा सर, येईल,” एवढंच तो म्हणायचा.

शेवटी सरांनी त्याला सराव संपल्यावर मागे ठेवून घ्यायचं ठरवलं. फक्त उजवीकडे वळायचं, पुन्हा पुन्हा. पहिल्याच संध्याकाळी हा गयावया करायला लागला. “सर, आज नको. नागराजबरोबर जायचंय.”

“तो काय कुक्कुलं बाळ आहे? जाईल एकटा.”

नागराजही हसला. “राहा रे, तुझ्याच भल्याचं आहे,” म्हणाला आणि यशवंतपूरच्या आपल्या खोलीकडे सायकलवरून निघाला. बाजाराजवळ डावीकडच्या गल्लीतून लॉरी बाहेर आली. पाहणारे सांगत होते, त्यानं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता.

त्याचे दिवस झाले. स्पर्धा तोंडावर आली होती, आणि मेलेल्या माणसाची जागा भरावीच लागते. सरांनी याला मैदानात बोलावलं आणि समोर दुसरा गडी उभा केला. शिट्टी वाजली. हा उजवीकडे वळला आणि त्या गड्याला कळायच्या आत बॉल बास्केटमध्ये टाकून मोकळा झाला. पुन्हा उजवीकडे, पुन्हा बास्केट. मग डावीकडे. आमच्यातल्या कुणालाच तो आवरेना.

सरांनी शिट्टी तोंडातून काढली. “हे इतके दिवस कुठे होतं?”

“होतं, सर,” तो म्हणाला. “नागराजला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. लहानपणी विटी लागली होती. समोर उभा राहिलो की माझी उजवी ती त्याची डावी. तिकडून गेलो असतो तर तुम्ही लगेच ओळखलं असतं. खेळावर त्याची फी माफ होती.”

“मग मला सांगायचं नाहीस? डॉक्टरला दाखवलं असतं, त्याची सायकल काढून घेतली असती!”

“सांगितलं असतं तर जागा मलाच मिळाली असती ना. जागेसाठी मित्राची चुगली केली, म्हणाले असते सगळे.”

खरंच म्हणालो असतो आम्ही. त्या संध्याकाळी याला मागे कुणी ठेवून घेतलं, हेही सगळ्यांना आठवत होतं. सर बाकावर जाऊन बसले. शिट्टी खिशात घालून म्हणाले, “उद्या पहिल्यापासून तू.”

दुसऱ्या दिवशी सामन्याला तो वेळेवर आला. कपडे बदलले, आमच्याबरोबर मैदानात उतरला. पंच मधल्या वर्तुळात बॉल घेऊन उभे होते, समोरच्यांचा सेंटर तयार होता. हा वर्तुळाच्या रेघेपर्यंत गेला, थांबला आणि सरांकडे परत आला.

“मी तयार आहे, सर. पण त्या जागेवर उभं राहवत नाही.”

सरांनी त्याला धरलं नाही. त्यानं बाकावरचा सदरा उचलला आणि फाटकातून बाहेर पडला. कॉलेजात तो परत आला नाही. घरी गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, हुबळीला मामाकडे गेलाय. मला तो पुन्हा कधीच भेटला नाही.

पण त्या दिवशी सामना व्हायचाच होता. पंचांनी दोनदा हाक दिली, पण त्या जागेवर जायला कुणीच पुढे होईना. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी संघातला सगळ्यात बुटका. वर्तुळात जाऊन उभा राहिलो तेव्हा समोरचा उंच गडी हसला, मग माझं तोंड बघून गप्प झाला. पंचांनी बॉल वर फेकला. मी उडी मारली, आणि बॉल त्याच्या हाताला लागून त्यांच्याकडे गेला.