हसनभाईचं पिंप

२०१९ साल. मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि माझ्या होडीच्या मशीनने माझा पार जीव खाल्ला होता. मुरुडात मशीन दुरुस्त करणारा हसनभाई. होड्यांवर त्याचं पोट, पण होडीत कधी पाय ठेवायचा नाही. नुसती लाट बघून त्याला ओकारी यायची. अंगणात पाण्याने भरलेलं निळं पिंप, त्यात मशीनचा पंखा बुडवायचा, स्वतःच्या डब्यातलं पेट्रोल लावायचं आणि दोरी ओढायची. झाली तपासणी.

पिंपात माझं मशीन झकास चालायचं. समुद्रात खडकापर्यंत गेलं की बंद. दम खाऊन चालू, पुन्हा बंद. प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला. दर वेळी मी वल्हवत परत. हात सोलले.

"मशीन ठीक हाय, नाखवा," हसनभाई म्हणायचा. "तुझा दर्या बिघडलाय."

"मग दर्या दुरुस्त कर!"

"तुझी टाकी आण बघू."

"टाकी कोरी करकरीत आहे. तू मशीनचं बघ."

मुलगा टपलेलाच. "बाबा, काशीदचं गिऱ्हाईक येतंय. होडी देऊन टाकू. आता घरी बसा." घरी बसून काय करू? झावळ्या झाडू?

गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी मी हसनभाईला म्हटलं, "पिंपात मासे मिळत न्हाईत. चल होडीत." शिव्या देत आला. खडक यायच्या आधीच आडवा पडून ओकायला लागला. मशीन थांबलं. मी दोरी ओढत बोंबलतोय, तर खालून आवाज, "नाखवा, टाकीचं पोट बघ. खपाटीला गेलंय!"

खरंच. लाल प्लास्टिक आत ओढलेलं. माझ्या जुन्या पत्र्याच्या टाकीला हवेसाठी भोक होतं. मुलाने आणलेल्या या नवीला हवेसाठी झाकणावर स्क्रू. खारं पाणी जाऊ नये म्हणून मी तो पक्कडीने आवळलेला. हसनभाईने सैल केला. फुस्स झालं, पोट वर आलं, एका ओढीत मशीन चालू.

"नाक दाबून पळवत होतास बिचाऱ्याला!"

"ओकला नसतास तर तुला तरी दिसलं असतं काय?"

किनाऱ्यापर्यंत भांडलो.

आता हसनभाई नाही. त्याची सून पिंपात वापराचं पाणी भरते.

त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काशीदचं गिऱ्हाईक आलं, तेव्हा मी खडकापलीकडे जाळं टाकत होतो. परतलो तो थेट हसनभाईच्या दारात. एका हातात सुरमई, दुसऱ्या हातात टाकी. टाकी त्याने मागेच मागितली होती, म्हणून आणली.