प्लेगच्या शेडचा बाजारभाव

अमरावतीला कॉलेजात गेलो तेव्हा मला खोली मिळत नव्हती. दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी असायची. मी नाव सांगितलं की खोली भरलेली निघायची. बाप दर्यापूरला जिनिंगमध्ये हमाल, आई लोकांच्या वावरात कापूस वेचायची. शेवटी एका वसतिगृहानं घेतलं म्हणून मी बी.ए. झालो. आमच्या घरात पहिला. हे आधी सांगतो, कारण पुढे मी एका नगरपालिकेत मालमत्ता विभागाचा क्लार्क झालो आणि एक दिवस टेबलावर वसतिगृहाचीच फाइल आली.

स्टेशनकडच्या रस्त्याला नगरपालिकेची लांब दगडी शेड होती. पाच वर्षांपूर्वी ती एका संस्थेला नाममात्र भाड्यानं दिलेली. संस्था म्हणजे खरं तर एक रिटायर मास्तरीणबाई. खेड्यांवरच्या बावीस मुली तिथं राहून शाळेत जात. आता मुदत संपली होती, आणि सरकीचा एक व्यापारी गोडाऊनसाठी चांगलं भाडं द्यायला तयार होता.

नगरपालिकेची जागा बाजारभावापेक्षा कमी भाड्यानं देता येते. पण का, ते कागदावर यावं लागतं. बाजारभाव म्हणजे जागा उघड्यावर मांडली तर लोक देतील ते भाडं. ठराव सभेचा, मंजुरी वरची, आणि टिपणी माझी.

"शेठजी देऊन राहिले तो बाजारभाव," अध्यक्षसाहेब म्हणाले. "लिहा अन् मोकळे व्हा."

"पोरी कुठं जातील, साहेब?"

"आपापल्या घरी. अजून कुठं?"

घरी म्हणजे वावरात, हे मला सांगायला कुणी नको होतं.

पण मला अडत होतं ते वेगळंच. पक्की शेड, रस्त्याला लागून. शेठजी कितीतरी वर्षं गोडाऊन शोधत होते. मग ही जागा त्यांना आधी कशी दिसली नाही?

जुनी फाइल काढली. संस्थेला देण्याआधी त्या शेडचा तीनदा हर्रास, म्हणजे लिलाव झाला होता. तिन्ही पंचनाम्यांत एकच ओळ : कोणी बोली लावली नाही.

त्या वेळी दवंडी देणारे सुदामजी अजून शिपाई होते. त्यांना विचारलं.

"कोन लावन बोली? प्लेगची शेड हाये ते. माणसं जित्ती जात अन् मेलेली निंगत. म्या दवंडी देल्ली तं लोक मलेच म्हनत, तूच घे."

मग शेठजींच्या पेढीवर गेलो. त्यांनी चहा मागवला.

"शेठजी, एक विचारू? तीन हर्रास झाले, तुमी एकातबी नाही. काहून?"

"मरायचं होतं का मले, बाबू? हमालबी पाय ठेवत नव्हते तेथं."

"मग आता?"

"आता काय! पाच वर्सं पोरी राहून राहिल्या, एकीले साधा ताप नाही. बाईनं इहीर खोदली, चुना मारला. जागा सुधरली ना!"

मी ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं आणि वाचून दाखवलं. "बरोबर हाये, यात काय खोटं हाये?" म्हणत त्यांनी खाली सहीही केली. माणूस सरळ होता.

टिपणीत मी लिहिलं : जागेला आज बाजारभाव आहे, पण पाच वर्षांपूर्वी तो नव्हता. तो सध्याच्या भाडेकरूनं निर्माण केला आहे. सोबत तीन पंचनामे आणि एक जबाब जोडला.

सभेत अध्यक्षसाहेब चिडले. "क्लार्कानं भाडं लिहावं, इतिहास नाही!"

चीफ ऑफिसर शांतपणे म्हणाले, "साहेब, हे कागद आता फाइलवर आहेत. वरून कुणी विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल."

अध्यक्षसाहेबांनी फाइल पुन्हा जवळ ओढली. शेठजींचा जबाब त्यांनी दोनदा वाचला. मग हसू दाबत म्हणाले, "या शेठनं तं सोताच्याच पायावर पोतं पाडून घेतलं!" शेड नाममात्र भाड्यानं संस्थेकडेच ठेवण्याचा ठराव मंजूर झाला. पुढे मंजुरीही आली.

शेठजी बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "बाबू, माहाच चहा पेला अन् माह्याच तोंडानं मले हरवलं!" पण बोलणं सोडलं नाही.

मी एवढंच शिकलो : जागेला किती भाडं येतं हे विचारताना, ते कधीपासून येतं हेही विचारावं.

भाडेपट्टा तीस वर्षांचा झाला. त्या बावीसपैकी नऊ मुली मॅट्रिक झाल्या. त्यांतली एक आमच्याच ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागली.