आमच्याच घरातलं राहिलेलं मत

गेल्या शुक्रवारी दुपारी आमच्या गावच्या क्रीडा संकुलाच्या बॅडमिंटन हॉलमध्ये मी जे पाहिलं, त्यातून अजून सावरले नाहीये. निवडणुकीचा निकाल चिठ्ठी काढून लागला. हो, चिठ्ठी... आपल्या भिशीत काढतात तशी!

थोडं मागून सांगते. आम्ही यॉर्कशायरमधल्या एका छोट्या गावात राहतो. आमची शनिवारची मराठी शाळा ज्या लायब्ररीत भरते, ती बंद करायचं कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, घाटतंय. शाळा चालवणाऱ्या मेधाताई एरवी केमिस्टच्या काउंटरमागे शांतपणे औषधं देणाऱ्या बाई... पण हे ऐकून अशा पेटल्या की थेट अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या.

मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरले. पंतप्रधान ठरवणारी नाही, मधलीच कौन्सिलची निवडणूक, त्यामुळे निम्म्या लोकांना ती आहे हेच माहीत नव्हतं. मतदान गुरुवारी, तर कुणी म्हणालं त्या दिवशी मुलांचं स्विमिंग असतं, कुणी म्हणालं सगळे सारखेच. एका आजोबांनी आत बोलावून चहा-बिस्किटं दिली, लायब्ररीबद्दल हळहळले आणि निघताना सांगितलं, मी मत कधीच देत नाही हं.

आपल्या लोकांची तऱ्हा आणखी वेगळी. म्हणे, आपण व्हिसावरची माणसं, आपल्याला कसलं मत? खरं तर भारतीय पासपोर्ट आणि इथे राहायचा व्हिसा असला, वेळेत नाव नोंदवलं, की मत देता येतं. कॉमनवेल्थचा एवढा एक फायदा. मलाही हे मेधाताईंनीच सांगितलं, मी आमची दोघांची नावं नोंदवून टाकली, आणि मग मी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेजचा नुसता रतीब घातला.

मतदानाच्या दिवशी इथे सुट्टी नसते. नागपूरला आमचं अख्खं घर ठेवणीतले कपडे घालून निघायचं, मग शाई लावलेल्या बोटांचे फोटो... इथे चर्चच्या हॉलमध्ये मतदान केंद्र, बाहेर बांधलेली मतदारांची दोन कुत्री आणि आत दोरीला बांधलेली पेन्सिल. फुली मारली, बाहेर आले. बोटाला शाई नाही, त्यामुळे मत दिल्यासारखंच वाटेना.

तर शुक्रवारी मेधाताईंच्या वतीने मी मोजणी बघायला उभी होते. मोजलं, पुन्हा मोजलं... मेधाताईंना आणि वर्षानुवर्षं निवडून येणाऱ्या त्या गृहस्थांना अगदी सारखी मतं! मला वाटलं, आता परत मतदान घेतील. तर निवडणूक अधिकारी बाईंनी शांतपणे दोन कागदांवर दोन नावं लिहिली, घड्या घालून रिकाम्या मतपेटीत टाकली आणि हात घालून एक घडी काढली.

मेधाताईंचं नाव नव्हतं.

मी तोंडावर हात धरून उभी. एवढ्या बेलांवर बोटं झिजवली, आणि शेवटी हे? मेधाताईंनी मात्र हसून त्या गृहस्थांचं अभिनंदन केलं. गाडीत बसल्यावर "एक गं, केतकी... एकच," एवढंच म्हणाल्या.

घरी आले ती तणतणतच. माझा नवरा अनिकेत सिंकपाशी आमच्या लेकीचा, ईराचा, डबा धूत होता. कोण असेल तो माणूस, ज्याला दहा मिनिटं चालत जायचा कंटाळा आला, असं बरंच काही मी बोलले. अनिकेतने नळ बंद केला आणि म्हणाला, "मी नव्हतं दिलं मत."

मी खुर्चीतच बसले.

"अगं, मी तुझ्या व्हिसावर आलेला डिपेंडंट ना. मला वाटलं मत मेन व्हिसावाल्याला असतं, मतदानाचं माझं पोल कार्ड चुकून आलंय. चुकून आलेल्या कार्डावर मत दिलं आणि उद्या व्हिसाचं लफडं झालं तर? पर्मनंट व्हिसाचं एवढं जवळ आलंय..."

मी म्हटलं, अरे, मी ग्रुपवर घसा फोडून सांगत होते! त्यावर खाली मान घालून म्हणाला, "तो ग्रुप मी म्यूट केलाय." आणि मला का नाही विचारलंस? तर म्हणे, तू घरी होतीस कधी? खरंच होतं ते. मी दुसऱ्यांची दारं वाजवत होते, कारण रोज संध्याकाळी हा ईराला जेवू घालून झोपवत होता. आणि मी त्याला गृहीतच धरलं होतं.

मला राग आला, हसू आलं, आणि मग रडूच आलं. हा माणूस इथे रोज टॅक्स भरतो, शेजाऱ्यांचे कचऱ्याचे बिन आत आणून ठेवतो... आणि एका फुलीला घाबरून घरात बसला.

शनिवारी शाळेच्या आधी जाऊन मेधाताईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता ह्या आयुष्यभर माझं तोंड बघणार नाहीत. त्या मुलांच्या खुर्च्या मांडत होत्या, थांबल्या.

"घाबरला होता तो?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "बघ ना, आपल्याला कंटाळलेले भेटले, चिडलेले भेटले. घाबरलेला एकही नाही भेटला. ते दार उघडतच नसतील गं."

मग राहिलेल्या खुर्च्या माझ्या हातात देत म्हणाल्या, "पुढच्या वेळी अनिकेतला पाठव माझ्याबरोबर. तो सांगेल ते पटेल त्यांना."

लायब्ररी अजून उघडी आहे... किती दिवस, कुणास ठाऊक. मेधाताई, तुम्ही हरलात आणि तरी आमच्यावर रागावला नाहीत, ह्याचे उपकार कसे फेडू? अनिकेत यायला तयार आहे. तुमची एकच अट आहे, पुढच्या वेळी पहिली बेल आमच्याच घराची वाजवायची.