तीन महिने होईपर्यंत
परवा सुट्टीवर पुसदला आले असताना दाताच्या डॉक्टरांनी एक्स-रेसाठी शिशाचा जड एप्रन अंगावर टाकला आणि नागपूरच्या दवाखान्यातली ती थंडगार खोली आठवली. तेव्हा नवरा परदेशात होता, त्याच्याकडे जायच्या व्हिसासाठी माझी तपासणी होती, त्यात छातीचा एक्स-रे होता आणि मला दुसरा महिना लागला होता. आमच्या घरी तीन महिने होईपर्यंत ही बातमी उंबऱ्याबाहेर जात नाही. त्यामुळे तहसिलीतून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी तपासणीच्या फॉर्मवर ‘गरोदर आहात का?’ या प्रश्नापुढे, लग्नपत्रिकेला शोभेल अशा वळणदार अक्षरात ‘नाही’ लिहिलं होतं. यंत्रासमोर उभी राहिले आणि हात आपोआप पोटावर गेला. “थांबा, मला दिवस गेलेत,” मी म्हणाले. एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी कागद पाहिला. “मंग इथं ‘नाही’ काहून लिहिलं?” दारातून सासूबाई म्हणाल्या, “कागद कोणीबी वाचते न बाई!” डॉक्टर म्हणाले, पोटावर एप्रन बांधून आज काढू, नाहीतर बाळंतपणानंतर या. थांबले तर बाळाच्या जन्माला नवरा जवळ नसणार होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “तुले भीती वाटते न? मंग थांब.” मी थांबले. लेक पाच महिन्यांची झाली तेव्हा विमानतळावर त्याने तिला पहिल्यांदा उचललं आणि तिने भोकाड पसरलं. नंतर मी या विषयावर पुष्कळ वाचलं. त्या दिवशी एक्स-रे काढला असता, तरी बाळाला बहुधा काहीही झालं नसतं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.