कूसताईंची चिकटपट्टी

सर्जरीच्या वॉर्डातल्या त्या सिस्टरना सगळे कूसताई म्हणत. कारण अठरा वर्षं त्या एकच गोष्ट सांगत आल्या होत्या, "उठायचंय ना? मग आधी कुशीवर वळा." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी स्टूल ओढून पेशंटजवळ बसायचं आणि शिकवायचं. गुडघे दुमडा, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताच्या रेट्यानं उठा. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरा. पेशंट मुकाट माना डोलवत.

शिंपीकाकांनी मात्र मान डोलवली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोटाचं ऑपरेशन होतं.

"टाका सगळ्यात जास्त कधी ताणला जातो?" त्यांनी विचारलं.

"उठताना."

"स्वतः अनुभवलंय?"

"मला कुठे टाके पडलेत, काका!"

"म्हणजे ऐकीव माहिती."

कूसताईंना खरं तर राग यायला हवा होता, पण तो प्रश्नच डोक्यात घर करून बसला. घरी गेल्यागेल्या त्यांनी पोटावर टाक्यांच्या जागी उभी, लांबलचक चिकटपट्टी लावली आणि घरकामाला लागल्या. कातडी ओढली गेली की "आई गं" म्हणायचं आणि कागदावर टिपून ठेवायचं.

"हे काय नवीन खूळ?" नवऱ्यानं विचारलं.

"हसवू नका हो, हसतानाही ओढतंय!"

कुशीवरून उठताना काहीच झालं नाही. पण पलंगावर बसून मागच्या फळीवरचा तांब्या घ्यायला त्या वळल्या आणि डोळ्यांत टचकन पाणीच आलं.

सकाळी वॉर्डात शिरताच त्यांची नजर छोट्या कपाटांवर गेली. सगळी कपाटं कॉटच्या उशाशी, मागच्या बाजूला. पाणी, चष्मा, गोळ्या, सगळं त्यांच्यावरच. इतकी वर्षं ती तिथंच होती!

"काका, उठताना नाही, मागे वळताना!" त्यांनी सांगून टाकलं. मग आयामावशींना हाताशी घेऊन एकेक कपाट कमरेच्या रेषेत पुढे ओढलं. मेट्रननी भुवया उंचावल्या, कारण ऐकलं आणि म्हणाल्या, "राहू दे असंच."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी शिंपीकाका कुशीवर वळून बसते झाले. उशी धरून खोकले. हात पुढे करून पेला उचलला.

"शिवण शाबूत आहे," ते म्हणाले. सहाव्या दिवशी ते आपल्या पायांनी चालत घरी गेले.

तेव्हापासून कूसताई शिकवण्याआधी विचारू लागल्या, "घरी कसे उठता? पलंग किती उंच आहे?"

गेल्या आठवड्यात एक आजी म्हणाल्या, "पलंग कुठला, बाई? मी जमिनीवरच झोपते."

मुळात पलंग आहे का, हे कूसताईंनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. त्यांनी फरशीवर चादर अंथरली, स्वतः आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "सांगा आजी, आता आधी कुठला हात टेकता?"