खिडकीतला डबा

“हवेला कुलूप लावतेस का गं?” असं मला म्हणत अक्का विडीची पानं कापायची कात्री खिडकीकडे रोखायची. खिडकीत वायफायचा पांढरा डबा होता, म्हणजे राऊटर. खंडेनवमीला सूप आणि कात्रीसोबत तिनं त्यालाही हळदकुंकू लावलं होतं. डबा तिनं मुद्दाम उलटा ठेवलेला. पाठीवरचं पासवर्डचं स्टिकर गल्लीकडे यावं, पोरांना सारखं विचारायला यायला लागू नये, म्हणून.

तुमच्याही गल्लीत अशी कोणी असेल, माठातलं पाणी द्यावं तसं वायफाय देणारी. आमची अक्का सोलापुरात, पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. घरात तेलुगू, दारात मराठी. मुलगा भिवंडीला यंत्रमागावर. आई एकटी, त्यात दमा, म्हणून त्यानं वायफाय घेऊन दिलं आणि कपाटावर एक फिरता कॅमेरा बसवला. तिकडून मोबाईलवर तो आईला बघायचा.

कॅमेऱ्याची मान हलली की अक्का ताट उचलून धरायची. “चूडु रा, बघ. कडक भाकरी, शेंगाची चटणी. खाल्लं मी.” मग माझ्याकडे वळून म्हणायची, “बघतोय गं. लई जीव हाय त्याचा माझ्यावर.”

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. घर एका खोलीचं, त्यामुळे अभ्यासाला मी अक्काकडे बसायचे. कॉलेजात एकदा सरांनी राऊटर उघडून शिकवला. बऱ्याच डब्यांच्या स्टिकरवर दोन पासवर्ड असतात, म्हणाले. एक वायफाय वापरायचा, दुसरा डब्याच्या आतल्या सेटिंगचा. दुसरा ज्याच्या हाती लागेल, तो तुमच्या घराची दारं आतून उघडू शकतो. मला अक्काची खिडकी दिसायला लागली. पुढचं काही कानात शिरलं नाही.

“अक्का, डबा फिरवूया का? पासवर्ड बदलू.”

“सगळी आपलीच हायती की. काय न्हेणार हाय कोण? हवा?”

मी डबा तसाच राहू दिला. मला तरी सगळं नीट कळलंय का, याची खात्री नव्हती.

मग एका दुपारी कॅमेरा हलला. अक्कानं ताट दाखवलं, काय खाल्लं ते सांगितलं. कॅमेरा माझ्याकडे वळला आणि तिथंच थांबला. मी ओढणी सारखी केली. तेवढ्यात अक्काचा फोन वाजला. मुलगा होता.

“आत्ता तर बघितलास की. परत कशाला फोन?”

“कधी, अम्मा? मोबाईल गेटवर जमा असतो. आत्ता सुटलो मी.”

“मग उगंच फिरला असंल,” अक्का म्हणाली आणि हसली.

कॅमेरा हळूच परत तिच्याकडे वळला. मी उठून कॅमेऱ्याची वायर ओढून काढली.

मुलाला फोनवर ठेवूनच मी डबा तपासला. सेटिंगचा पासवर्ड स्टिकरवरचाच होता. बाहेरून आत यायची एक वाट उघडी होती, जी आमच्यापैकी कोणी उघडली नव्हती. कॅमेऱ्याचा पासवर्डही खोक्यातून आला तोच. मग सगळं पुसून डबा पहिल्यासारखा केला, अपडेट घेतलं, सगळे पासवर्ड बदलले, बाहेरची वाट बंद केली. गल्लीतल्या पोरांसाठी वेगळं वायफाय काढून दिलं, ज्यातून कॅमेऱ्यापर्यंत पोचता येत नाही. एकेक बटण दाबताना वाटत होतं, चुकलं तर?

कोण बघत होतं, ते कळलं नाही. गल्लीतलं कोणी, की कुठलं लांबचं. नंतर बरेच दिवस गल्लीत कोणी हसून बोललं, तरी मी आधी त्याच्या डोळ्यांकडे बघायचे.

अक्काला सांगितलं तेव्हा ती विडीला दोरा बांधत होती. तो बांधून झाल्यावर तिनं पदर अंगभर ओढून घेतला.

“मग ताट मी कुणाला दाखवत हुते गं?”

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

“मागं एकदा दम्याची उबळ आल्ती. पंपबी सापडंना. तवा त्यो कॅमेरा माझ्याकडंच बघत हुता. मी म्हटलं, पोरगं बघतंय, आता शेजारी फोन करंल. म्हणून कुणाला हाक न्हाई मारली.” सूप बाजूला सारत ती म्हणाली, “लई येळ वाट बघितली.”

दुसऱ्या दिवशी गेले, तर कॅमेऱ्यावर खण टाकलेला होता, देवापुढं पडदा ओढतात तसा. मुलगा आधी फोन करायचा, त्याचा आवाज ओळखला की मगच ती खण बाजूला सारायची. खिडकीतला डबाही तिनं स्वतःच्या हातानं फिरवला. स्टिकर आत, कुंकू बाहेर.

मुलगा तिला भिवंडीला घेऊन गेला त्याला आता बरेच महिने झाले. जाताना तिनं डबा आमच्याकडे दिला. “पोरास्नी दे गं वायफाय,” एवढंच म्हणाली. कुलपाचं काही बोलली नाही.

मी तिला अधूनमधून व्हिडिओ कॉल करते. समोर आधी फोनवर टाकलेला तोच हिरवा खण दिसतो.

“कोण हाय?”

“मी, अक्का.”

“काय जेवलीस ते सांग आदी.”

मी सांगते. मग खण सरकतो आणि ती दिसते. हल्ली मात्र खणामागून आधी खोकला ऐकू येतो, आणि खण सरकायला वेळ लागतो. मी फोन तसाच धरून बसते.