सासूबाईंची दाढ

गिरणीतून तांदूळ भरडून आला की आमच्या सासूबाई आधी दोन दाणे दाढेखाली धरत, कुटकन फोडत आणि डोळे बारीक करून विचारत, "हा आपल्याच धानाचा आहे कावो?" गिरणीवाला शपथा घेई. त्या आणखी दोन दाणे तोंडात टाकत.

सौंदडला लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाईंचं गिरणीवाल्याशीच वाकडं असावं. पण दूधवाला, तलाठी, पुजारी, पोटचा मुलगा, कोणीच यातून सुटलं नव्हतं. मी तर परक्या घरातून आलेली. चहात साखर घालताना पाठीवर त्यांची नजर टोचायची. कुणी "जरा भरवसा ठेवा" म्हटलं की उत्तर तयार असे, "भरवशाच्या म्हशीले टोणगा!"

गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा त्यांनी संशयापोटीच करून घेतलं. गुडघे झिजून त्यांचं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जाणं बंद झालं होतं. आमच्या शेताला लागून चुलत दिराचं शेत. तो दर वर्षी मधला धुरा, शेताचा बांध, वीतभर आमच्याकडे सरकवतो, अशी त्यांची पक्की खात्री. "मी दिसत नाई म्हणून त्याचं फावून रायलं. कापणीले मले धुऱ्यावर उभं राहाच लागते," त्या म्हणाल्या आणि आम्ही गोंदियाला गेलो.

डॉक्टर हसतमुख होता, पण प्रश्न विचारण्यात पोलीस. "आजी, तंबाखू खाती हो? गुडाखू घिसती हो? दाँत में तकलीफ? कहीं फोड़ा, घाव?" प्रत्येक प्रश्नाला सासूबाईंचं एकच उत्तर, "नाई." दात दाखवा म्हटल्यावर ओठ इंचभर वर करून पुढचे दाखवले आणि तोंड मिटलं.

मला मात्र न्हाणीघरात अधूनमधून गुडाखूचा, दातांना घासायच्या त्या तंबाखूच्या लगद्याचा, वास यायचा. डबी कुठं सापडली नव्हती, तरी मी डॉक्टरांना सांगितलं. सासूबाईंनी डोळ्यांत पाणी आणलं. "मी आपल्या पायावर चालावं, हे हिले पाहावत नाई, डॉक्टरसाहेब." डॉक्टरनं माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाहेर आल्यावर त्यांनी मलाच शिकवलं, "डॉक्टरले सप्पा सांगतलं तं तो आणखी एक बिमारी काढते."

वॉर्डात मात्र त्यांनी धमाल केली. पायाचे केस काढायला माणूस वस्तरा घेऊन आला तर म्हणाल्या, "हा किती जणाइच्या टांगेवरून फिरून आला?" आणि पाय ओढून घेतला. डॉक्टर उलट खूश झाला. वस्तऱ्यानं कातडीला बारीक चिरा पडतात, त्यातून जंतू शिरतात, तो म्हणाला, आणि केस कापायचं मशीन मागवलं. मग काय, त्यांना चेवच आला. नर्सला हात धुतले का विचारायचं, भेटायला आलेल्यांना खाटेवर बसू द्यायचं नाही. "रेलगाडीची धूळ घेऊन आले, उभेच राहा!" जंतू बाहेरून येणार, एवढं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि त्या बाहेरच पहारा देत होत्या.

घरी आल्यावर जखम नीट भरेना. टाके काढले तरी एका टोकाशी ओल राहायची. मग पांढरट पाणी आलं, गुडघा तापला, लाल झाला. सासूबाईंनी आरोपी शोधायला वेळ घेतला नाही. आलेल्यागेलेल्याला सांगू लागल्या, "सुनेनं पट्टीवर पाणी पाडलं." त्यांचा पाय मी तान्ह्या लेकरासारखा सांभाळला होता. त्या दिवशी मी स्वयंपाक केला, पण त्यांचं ताट नवऱ्याच्या हातून पाठवलं. राग आला होता आणि तो मी गिळला नाही.

पुन्हा गोंदिया. डॉक्टर आता हसत नव्हता. गुडघा उघडून धुवावा लागेल, तो म्हणाला. तेवढ्यानं भागलं नाही तर बसवलेला सांधाच काढावा लागेल. "आणि जंतू कुठून येतायत ते कळलं नाही, तर आज धुऊन उद्या पुन्हा तेच." त्यानं सगळे जुने प्रश्न परत विचारले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन, असं त्यांना वाटलं असावं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

"सप्पा बाहेर जा," त्या सोबत आलेल्या सासऱ्यांना आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. मीही उठले, तर माझा पदर धरला. "तू राह्य."

आणि त्यांनी तोंड उघडलं. मागची दाढ किडून पोकळ झालेली, हिरडी सुजलेली, दाबली तर पू. भोवती गुडाखूचा काळा थर.

"दुखते म्हणून लावत होतो. दाढ सांगतली असती तं तुम्ही आपरेशन पुढं ढकललं असतं. धान कापणीले आलं होतं."

डॉक्टर म्हणाला, तंबाखूनं जखम भरायला उशीर होतो आणि दाढेतला पू रक्तातून गुडघ्यापर्यंत पोहोचू शकतो. पण नेमकं कशानं झालं, हे छातीठोक सांगता येणार नाही. माझं नाव मात्र त्यानं घेतलं नाही आणि हे सासूबाईंनी नीट ऐकलं.

दाढ काढली, गुडघा धुतला, सांधा वाचला. पण तो पुरता वाकेना. चिखलातून धुऱ्यापर्यंत त्या पुन्हा कधी पोहोचल्या नाहीत. पट्टीवरच्या पाण्याबद्दल माझी माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मीही वाट पाहिली नाही.

गेल्या हिवाळ्यात छातीत कफ भरला म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं, ते शेवटचं. नवा, तरुण डॉक्टर खाटेशी उभा राहून विचारू लागला: आजी, तंबाखू? शुगर? आधी काय काय झालंय? धाप लागलेली असूनही त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला सारला आणि माझ्याकडे बोट केलं.

"हिले पुसा. मी खोटं बोलतो."